कॉनी कॉन्व्हर्स ऐकलीय का कुणी?

आडवाटेचा_श्रोता (धागाकर्ता)

मंडळी, गेले काही आठवडे एकाच बाईने कान व्यापलेत, म्हणून हा धागा. इथे डिलन, जोन बाएझ, पीट सीगर या अमेरिकन फोक (लोकसंगीत) गायकांवर पानंच्या पानं लिहून झालीत. पण शोधून पाहिलं तर कॉनी कॉन्व्हर्सवर एक ओळ नाही.

आधी थोडक्यात ओळख. एलिझाबेथ ईटन कॉन्व्हर्स, जन्म १९२४, अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर राज्य. वडील बॅप्टिस्ट पाद्री. शाळेत पहिली येणारी मुलगी. माउंट होल्योक कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, पण दोन वर्षांत कॉलेज सोडून तिने थेट न्यू यॉर्क गाठलं. पोटापाण्याला छापखान्यात नोकरी, आणि खोलीवर परतलं की गिटार घेऊन स्वतःची गाणी रचायची. १९५४ मध्ये जीन डाइच नावाच्या गृहस्थाच्या घरी मित्रमंडळींसमोर ती गायली आणि त्याने ते टेप केलं. त्याच वर्षी सीबीएसच्या सकाळच्या कार्यक्रमात, वॉल्टर क्रॉन्काइट निवेदक असताना, एकदा गायली. संपलं. ना रेकॉर्ड, ना करार. जानेवारी १९६१ मध्ये तिने न्यू यॉर्क सोडलं. डिलन न्यू यॉर्कमध्ये उतरला तोही त्याच महिन्यात!

पुढे मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये नोकरी. ऑगस्ट १९७४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर काही दिवसांतच, तिने घरच्यांना आणि मित्रांना पत्रं लिहिली, फोक्सवॅगन बीटलमध्ये सामान भरलं आणि निघून गेली. नंतर ना ती सापडली, ना गाडी.

२००४ मध्ये ऐंशीच्या घरातल्या डाइचने न्यू यॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात ती जुनी टेप वाजवली. ते ऐकून डॅन झुला आणि डेव्हिड हर्मन हे दोन तरुण मागे लागले आणि २००९ मध्ये 'हाउ सॅड, हाउ लव्हली' हा अल्बम निघाला. म्हणजे टेप झाल्यावर ५५ वर्षांनी.

आता मुद्द्याचं. 'वी लिव्ह्ड अलोन' नावाचं तिचं एक एवढंसं गाणं आहे. एकटी राहणारी बाई घरातल्या वस्तू मोजते. दिवा आहे, चूल आहे, हिरवं रंगवलेलं टेबल आहे. माझं मस्त चाललंय, मला फार काही लागत नाही. शेवटच्या ओळीत कळतं की हे सगळं 'तू' हवासा वाटेपर्यंतच खरं होतं. तिथे गाणं थांबतं. रडणं नाही की आळवणी नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. नंतर माहिती काढली आणि आता गाणं ऐकताना सतत ती बीटल डोळ्यांसमोर येते. याचाच राग येतो.

तर दोन प्रश्न. एक, इतकं चांगलं काम १९५४ मध्ये कुणाच्या नजरेत का भरलं नाही? दोन, तुम्हाला गाणं आणि गोष्ट वेगळी ठेवता येते का?

---

कडूकारलं

वाचनखूण साठवली. रात्री ऐकून लिहिते.

---

टवाळ_टोळ

थांबा थांबा. जीन डाइच म्हणजे टॉम अँड जेरीवाला डाइच??

---

आडवाटेचा_श्रोता

तोच! १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये बसून टॉम अँड जेरीचे जे १३ भाग केले, ते त्याचे.

---

टवाळ_टोळ

अरे देवा. म्हणजे ते भुताटकी भाग. लहानपणी दुपारी कार्टून लागायचं, मध्येच एखाद्या भागात चित्रं वाकडी, आवाज विहिरीतून आल्यासारखे, टॉमचा तो मालक लालबुंद होऊन त्याला तुडवतोय. आम्ही भावंडं "हे डुप्लिकेट आहे" म्हणून चॅनेल बदलायचो. त्या माणसाने हे काम पण करून ठेवलंय? शिव्या परत घेतो. (अर्ध्या.)

---

मुक्काम_पोस्ट

डाइचला इतकं हसू नका हो. 'मन्रो' या लघुपटाला ऑस्कर मिळालंय त्याच्या. आणि टॉम अँड जेरीचं म्हणाल तर बजेट तुटपुंजं, आणि प्रागच्या बहुतेक चित्रकारांनी मूळ कार्टून धड पाहिलंही नव्हतं. लोखंडी पडद्यापलीकडे कोण दाखवणार? त्यात जे जमलं ते जमलं.

ध्वनिमुद्रणाचा नाद त्याला आधीपासून. १९४९ मध्ये डेट्रॉइटमध्ये त्याने जॉन ली हूकरलाही असंच घरगुती टेप करून ठेवलं होतं. तेही कितीतरी वर्षांनी बाहेर आलं. पोटासाठी कार्टून, जिवासाठी टेप. अशी माणसं प्रत्येक शहरात दोन-चार तरी लागतात. नाहीतर आपल्याकडच्या कितीतरी मैफली हवेत विरल्याच की.

---

खवट_म्हातारा

ऐकली. ठीक आहे. एखाद्या नीटनेटक्या प्राथमिक शिक्षिकेने स्नेहसंमेलनात म्हणावं तसा आवाज. ती गायब झाली नसती तर हा धागा निघाला असता का, हे धागाकर्त्याने छातीवर हात ठेवून सांगावं. मेलेला, हरवलेला किंवा वेडा झालेला कलावंत हे पाश्चात्त्य रेकॉर्ड कंपन्यांचं आवडतं गिऱ्हाईक. जिवंत म्हातारीची रेकॉर्ड कुणी काढत नाही.

---

टवाळ_टोळ

आले! आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

सहा_तारा

खवटकाका, आवाजाचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण कान जरा खाली, गिटारकडे न्या.

मी हौशी वाजवणारा, पोरांना शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तीन कॉर्ड आणि एक स्ट्रमिंग आलं की गाणं बसलं असं वाटतं. त्या काळच्या बऱ्याच फोक गाण्यांचंही तसंच असायचं. हिचं 'टॉकिंग लाइक यू' घ्या. अंगठा खर्जाच्या तारांवर एकसारखा चालतोय, बोटं वर वेगळंच काही विणतायत, आणि गाणं बघता बघता भलत्याच कॉर्डवर जातं. तीस-चाळीसच्या दशकातल्या नाटकवाल्या, जाझवाल्या गाण्यांत ऐकू येतात तशा कॉर्ड. मग काही झालंच नाही अशा थाटात घरी परत. मी ते बसवायला घेतलं तेव्हा डाव्या हाताची करंगळी रडायला लागली. आणि बाई वरून बोलल्यासारखं गातेय! शब्द कुठेही तालात कोंबलेले वाटत नाहीत. गाणारा आणि वाजवणारा एकच असला की हे किती अवघड असतं ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

गिटार ती न्यू यॉर्कला आल्यावर शिकली. म्हणजे विशीत, नोकरी सांभाळून.

शब्दांबद्दल एकच सांगतो. त्या गाण्यात ती दोन डोंगरांच्या मधे एकटी राहतेय आणि सोडून गेलेल्या माणसाचा आवाज तिला सगळीकडे ऐकू येतो. झाडावर खारीसारखं काहीतरी चिरचिर करतंय, ते आपण भांडायचो तसंच वाटतं. अंगणातलं डुक्कर जेवायच्या वेळेला टपकतं, तुझ्यासारखंच. :D विरहगीतात प्रियकराला डुकराशेजारी बसवणारी दुसरी कवयित्री दाखवा, माझी गिटार तुमची.

---

वऱ्हाडी_ठेचा

डुक्कर वाचून ऐकायला गेलो. लय भारी आहे बे. बायकोला ऐकवलं आन् मतलब समजावून सांगितला, तर म्हणते, "बरोबरच तं आहे." आता काय बोलाव?

---

कडूकारलं

ऐकलं रात्री. मला 'रोव्हिंग वुमन' सर्वांत जास्त आवडलं. रात्री-अपरात्री दारूच्या गुत्त्यात बसून पत्ते खेळणाऱ्या बाईबद्दल लोक काय काय बोलतात, ते ती अगदी सोज्वळ सुरात सांगते. आणि वर म्हणते की मी जरा भरकटले की कुणी ना कुणी मला घरी पोचवायला तयारच असतो. तो 'घरी पोचवणारा' काय मापाचा असतो हे प्रत्येक बाईला माहीत आहे. त्याला ती एक वाईट शब्द बोलत नाही आणि तरीही पुरता सोलून काढते.

खवट_म्हातारा, तो शिक्षिकेसारखा आवाज आहे म्हणूनच हे गाणं चालतं. हेच एखादीने मादक आवाजात म्हटलं असतं तर त्याचं कॅबरे झालं असतं.

आणि हेही लक्षात घ्या की ती पाद्र्याची मुलगी. वडील दारूबंदीच्या चळवळीतले. घरात सिगारेट-दारूचं नाव काढायची सोय नाही, आणि ही न्यू यॉर्कला जाऊन दोन्ही करतेय. वडिलांनी तिचं गाणं कधीच ऐकलं नाही.

---

खवट_म्हातारा

@कडूकारलं, आवाजाबद्दलचा हा युक्तिवाद चांगला आहे. पण गायब होण्याबद्दलच्या माझ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही.

---

आडवाटेचा_श्रोता

काका, छातीवर हात ठेवून सांगतो. धागा निघाला असता, प्रतिसाद कमी आले असते.

---

राज्यशास्त्र_नापास

अवांतर: कॉन्व्हर्स हे नाव वाचून मघापासून डोकं खाजवतोय. फिलिप कॉन्व्हर्स? एम.ए.ला मतदानवर्तन विषयात ज्याने आम्हाला छळलं तो? 'द अमेरिकन व्होटर', १९६०? आणि १९६४ चा तो निबंध, की बहुसंख्य मतदारांच्या मतांना एकसंध विचारसरणी वगैरे काही नसते?

---

आडवाटेचा_श्रोता

तिचा धाकटा भाऊ. आणि या गोष्टीतला फार महत्त्वाचा माणूस. जाताना तिने आपले कागद, पत्रं, टेप, सगळं नीट क्रमवारीने लावून फायलींच्या कपाटात ठेवलं होतं. ते कपाट भावाच्या गॅरेजमध्ये राहिलं. त्याने ते सांभाळलं.

---

राज्यशास्त्र_नापास

कमाल आहे. त्या माणसाचे तक्ते पाठ करताना मला तोही माणूस आहे हे कधी सुचलंच नव्हतं. परीक्षेत त्याच्यावर १५ गुणांचा प्रश्न होता. मी सोडला होता. (आयडी पाहा.)

---

टवाळ_टोळ

भाऊ असावा तर असा. माझ्या कवितांची वही आमच्या बंधुराजांनी दहावीच्या गाइडांबरोबर रद्दीत घातली. मराठी साहित्याचं अतोनात नुकसान झालं.

---

मुक्काम_पोस्ट

किंवा बंधुराज साहित्याचे खरे जाणकार असतील.

---

टवाळ_टोळ

:( रिपोर्ट करतोय.

---

तळ्याकाठी

मी मिशिगनमध्येच राहते, ॲन आर्बरपासून फार लांब नाही, म्हणून थोडी भर घालते. न्यू यॉर्क सोडलं म्हणजे ही बाई विझली, असं जे लिहिलं जातं ते मला अर्धवट वाटतं. इथल्या विद्यापीठात ती 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन' या नियतकालिकात आधी सेक्रेटरी म्हणून लागली आणि नंतर त्याची व्यवस्थापकीय संपादक झाली. हातात पदवी नसताना! युद्ध का होतं, संघर्ष कसे मिटवता येतात यावर अर्थतज्ज्ञ, गणिती, मानसशास्त्रज्ञ त्यात लिहीत. १९५७ पासूनच्या अंकांमध्ये काय काय येऊन गेलं याचा तिने स्वतः एक मोठा आढावा लिहिला, १९६८ मध्ये, एलिझाबेथ कॉन्व्हर्स या नावाने. तो अजून मिळतो आणि तो लिहिणाऱ्या बाईचं डोकं काय होतं ते त्यातून कळतं.

आणि काळ बघा. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं पहिलं टीच-इन (निषेधाची जाहीर व्याख्यानं-चर्चा) मार्च १९६५ मध्ये याच विद्यापीठात झालं, रात्रभर. ती अशा गावात होती. कोपऱ्यात रडत बसली नव्हती.

मग १९७२ च्या शेवटी ते नियतकालिक येल विद्यापीठाकडे गेलं. ज्या कामात तिने दहा वर्षं घातली ते हातातून गेलं. सहकारी आणि मित्रांनी पैसे गोळा करून तिला काही महिने इंग्लंडला पाठवलं. परत आल्यावरही गाडी रुळावर आली नाही. प्रकृतीच्या तक्रारी होत्या, शस्त्रक्रिया सांगितली होती, पिणंही वाढलं होतं. हे सगळं बघितलं की 'गाणं चाललं नाही म्हणून ती निघून गेली' हे फार सोपं उत्तर वाटतं. गाणं तर तिने त्याच्या कितीतरी आधी मागे टाकलं होतं.

---

सहा_तारा

@तळ्याकाठी, सुंदर प्रतिसाद. आढाव्याचं माहीत नव्हतं.

---

गूढकथा_फॅन

मला वाटतं ती नाव बदलून कुठेतरी राहिली असणार. एका ठिकाणी वाचलं की नंतर कॅन्ससमध्ये का ओक्लाहोमामध्ये कुणाला तरी फोनच्या डिरेक्टरीत 'एलिझाबेथ कॉन्व्हर्स' हे नाव दिसलं होतं. आज जिवंत असली तर शंभरीच्या पुढे असेल. एखाद्या वृद्धाश्रमात गिटार वाजवत असेल तर? यावर कुणी नीट तपास का करत नाही? आपण इथे सगळे धागेदोरे एकत्र करायचे का?

---

कडूकारलं

नको. घरच्यांनी खासगी गुप्तहेराकडे विचारणा केली होती तेव्हा तोही म्हणाला होता, की सापडली तरी नाहीसं होण्याचा तिला हक्क आहे. पत्रात तिने स्वतः लिहून ठेवलंय की मला जाऊ द्या. जवळच्या माणसांनी ते पाळलं, आपण कोण? आणि जे काही झालं असेल ते वाईट असण्याची शक्यता जास्त आहे, त्यावर कोडी सोडवत बसणं मला बरं वाटत नाही.

---

गूढकथा_फॅन

ओके ओके. हेतू वाईट नव्हता.

---

पेठेतली_सून

धागा आत्ता वाचला. मला राहून राहून जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रभर गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित आहेत. त्यातही बाई एकटी, हात कामात, आणि जे तोंडावर बोलता येत नाही ते गाण्यात. दीर, सासू, माहेर, सगळ्यांना चिमटे. कॉनीही तशीच ना?

---

खवट_म्हातारा

नाही. ओवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, एकीची दुसरी उचलते, तिसरी त्यात आपल्या भावाचं नाव घालते. आणि जात्यावर बहुतेकदा दोघी असतात. ही बाई कागद-पेन्सिल घेऊन एकेक शब्द घासूनपुसून बसवते आणि खाली आपली सही करते. दिसलं परदेशी की जोड आपल्याकडे, ही सवय सोडा.

---

पेठेतली_सून

काका, रीत वेगळी हे मान्य. पण 'चिमटा' सारखाच आहे, आणि दोन्ही टेपवर आल्या त्या बाहेरून कुणीतरी यंत्र घेऊन आला म्हणूनच. एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही आज इनो घ्या.

---

आडवाटेचा_श्रोता

खरं तर काकांच्या या प्रतिसादात माझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. १९५४ मध्ये फोक गाणं म्हणजे परंपरेतलं गाणं. १९५० मध्ये वीव्हर्स या फोक गटाचं 'गुडनाइट आयरीन' देशभर गाजलं, ते लेड बेली या जुन्या लोकगायकाकडून आलेलं. १९५२ चा हॅरी स्मिथचा तो प्रसिद्ध संग्रह म्हणजे वीस-तीसच्या दशकातल्या जुन्या रेकॉर्डी. फोकवाले हिला विचारणार, हे गाणं कुठल्या डोंगरातलं? ती म्हणणार, ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या माझ्या खोलीतलं. आणि पॉपवाल्यांना गाणारा वेगळा, लिहिणारा वेगळा लागायचा. मधे जागाच नव्हती.

---

मुक्काम_पोस्ट

त्यात राजकारण घाला. वीव्हर्स गाजले आणि लगेच काळ्या यादीत गेले. १९५५ मध्ये सीगरला संसदीय समितीसमोर उभं केलं. गिटार घेऊन गाणारा माणूस म्हणजे लाल, असा संशय. ही स्वतः त्याआधी इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्समध्ये आशियाबद्दल लिहायचं काम करत होती, आणि त्या संस्थेवरही सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात कम्युनिस्ट म्हणून झोड उठली. किंग्स्टन ट्रिओच्या 'टॉम डूली'ने फोकला पुन्हा बाजार मिळवून दिला तो १९५८ मध्ये. तोवर ती पियानोकडे वळली होती. आठ-दहा वर्षं उशिरा जन्मती तर चित्र वेगळं असतं.

---

खवट_म्हातारा

की नसतं. उशिरा जन्मून, दौरे करून, मुलाखती देऊनही माणसं विसरली जातात. 'चुकीच्या काळात जन्मली' हे प्रत्येक न चाललेल्या कलाकाराबद्दल म्हणता येतं. टीव्हीवर गायली होती ना? मग? लोकांनी ऐकलं आणि चहा घ्यायला उठले. लोकांना नाही आवडलं, हेही एक उत्तर असतं आणि ते देताना कुणाला बोचायला नको.

---

सहा_तारा

काका, टीव्हीवर एकदा. सकाळी. थेट प्रक्षेपण, आज फक्त फोटो उरलेत. त्यावरून लोकांची आवड काय ठरवणार? पण 'न आवडणं हेही उत्तर' हा मुद्दा मी खिशात ठेवतो, विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगायला उपयोगी पडेल.

---

तांबडा_पांढरा

मी एक प्रयोग केला भावांनो. गोष्ट-बिष्ट काही न सांगता 'वन बाय वन' ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. फक्त लिहिलं, "ऐका आणि सांगा कसं वाटलं." उत्तरं: बरेच जण गप्प. एक म्हणाला, "विम्याच्या जाहिरातीतलं आहे काय?" साहेबांनी नमस्काराचे हात टाकले, ते सगळ्यालाच टाकतात. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम मात्र दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन समोर येऊन बसल्या. "ते अंधारात सगळे एकेकटे चालतायत ते गाणं कुणाचं? अजून हायत काय?" आता त्या माझ्या पुढं गेल्यात, मला लिंका पाठवतात. त्यांना अजून मी ती गायब झाल्याचं सांगितलेलं न्हाई. सांगू काय नको?

---

टवाळ_टोळ

सांगू नका! कंट्रोल ग्रुप आहे तो.

---

आडवाटेचा_श्रोता

@तांबडा_पांढरा, धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद. खवटकाका, गोष्ट न कळता आवडलेली व्यक्ती सापडली बघा.

---

खवट_म्हातारा

एक.

---

कडूकारलं

एकच लागते हो. डाइचही एकच होता.

---

मुक्काम_पोस्ट

हिच्या जोडीने ऐकायला सुचवतो, शोधणाऱ्यांना उपयोग होईल. एलिझाबेथ कॉटन: डावखुरी, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची, 'फ्रेट ट्रेन' तिने लहान वयात रचलं, आयुष्याची कितीतरी वर्षं घरकामं केली. सीगर कुटुंबाकडे कामाला असताना तिचं वाजवणं त्यांच्या कानावर आलं आणि साठी उलटल्यावर पहिली रेकॉर्ड निघाली. जर्मनीची सिबिल बायर: १९७० च्या सुमारास घरी टेप केलेली गाणी, मुलाने पुढाकार घेतल्यावर २००६ मध्ये बाहेर आली. जॅक्सन सी. फ्रँक: १९६५ चा एकच अल्बम, निर्माता पॉल सायमन. काका, कॉटनबाई जिवंत म्हाताऱ्या होत्या आणि त्यांची रेकॉर्ड निघाली, ग्रॅमीही मिळालं, हे नोंदवून ठेवा.

---

खवट_म्हातारा

नोंदवलं. कॉटन मला आवडते. ती गिटार वाजवते तेव्हा दोन माणसं वाजवतायत असं वाटतं.

---

सहा_तारा

काका गिटारबद्दल चांगलं बोलले! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

---

नवशिका_बोटं

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. गिटार शिकतोय. कॉनीचं कुठलं गाणं आधी बसवावं? 'टॉकिंग लाइक यू'चा वरचा प्रतिसाद वाचून घाबरलोय.

---

सहा_तारा

स्वागत. आधी 'वन बाय वन' घ्या, संथ आहे. सुरुवातीला नुसते कॉर्ड बदलायला शिका आणि बरोबर गा, बोटांचं विणकाम नंतर. तिच्या वेगाच्या मागे लागू नका. आणि एक करा, स्वतःला मोबाइलवर टेप करून ऐका. जीव जातो, पण फायदा होतो.

हेच गाणं ज्युलिया बुलक या ऑपेरा गायिकेने २०२२ च्या तिच्या अल्बममध्ये गायलंय, पूर्ण वेगळ्या घराण्यातला गळा. तेही ऐका, म्हणजे गाण्याचं हाड किती पक्कं आहे ते कळेल.

---

राज्यशास्त्र_नापास

धागा वर काढतोय. हॉवर्ड फिशमनचं २०२३ चं चरित्र मागवलं. जाडजूड आहे. हा माणूस स्वतः गाणारा-वाजवणारा, २०१० मध्ये एका पार्टीत तिचं गाणं कानावर पडलं आणि तिथून पछाडला. फिलिप कॉन्व्हर्सला जाऊन भेटला, ते कपाट पाहिलं. भाऊ २०१४ मध्ये गेले. पहिली काही प्रकरणं झालीत, लेखक मधेमधे फार भारावतो. पण कागद उपसण्याची मेहनत दांडगी आहे.

आणि एक मजा. झुला-हर्मन जोडीच्या लेबलचं नाव काय, तर 'स्क्विरल थिंग'. ती वरची चिरचिरणारी खार!

---

तळ्याकाठी

गोष्ट आणि गाणं वेगळं ठेवता येतं का, या प्रश्नाबद्दल. मला वाटतं, गोष्टीचा शेवटच आपण घट्ट धरून बसतो, म्हणून ती गाण्यात घुसते. मी आता गाणी ऐकताना तिशीतली, छापखान्यातून घरी आलेली, आज मित्रांना नवीन गाणं ऐकवायचंय म्हणून खुशीत असलेली बाई डोळ्यांपुढे ठेवते. तीही गोष्टच आहे, आणि तितकीच खरी. टेपवर गाण्यांच्या अधेमधे ती बोलते तो आवाज ऐका, मजेत आहे ती.

---

कडूकारलं

+१. हे मला जमेल.

---

खवट_म्हातारा

तळ्याकाठी यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. तिची पियानोची गाणी कुठे मिळतील? तो कॅसांड्रावरचा संच म्हणतात तो. गिटारपेक्षा ते माझ्या प्रकृतीला मानवेल.

---

आडवाटेचा_श्रोता

काका!! फिशमननेच ती गाणी दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन २०१४ मध्ये अल्बम काढलाय. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

खवट_म्हातारा

व्यनि नको, इथेच टाका. बाकीच्यांनाही ऐकू दे.

---

तांबडा_पांढरा

अकाउंट्सच्या मॅडमना पण हवीय. त्यांनी विचारलं, ही बाई अजून नवीन गाणी काढती काय. मी म्हटलं, चौकशी करतो.